आडवं झोपायला एक गाव

“गाव चांगलं का वाईट ते तुमी बघा, मला नुसतं आडवं पडून झोपायचं हाय,” असं रुख्मिणीबाई एकदा आपल्या नवऱ्याला, वसरामला, म्हणाल्या.

वसराम तेव्हा ओसरीवर बसून मला, म्हणजे शाळेच्या गुरुजीला, राजस्थानातल्या गावांची नावं सांगत होता. कुठं रेल्वे थांबते, कुठं सरकारी दवाखाना आहे, कुठं पाणी गोड आणि कुठं मचूळ. औंढा नागनाथच्या पुढं डोंगरकडेला जो बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथं जन्मलेला आणि साठी ओलांडलेला हा माणूस उरलेले दिवस काढायला वाळवंटातलं एखादं छोटं गाव शोधत होता. मला ते खरं वाटत नव्हतं. आमच्याकडची माणसं गाव सोडतात ती ऊस तोडायला, पुण्याला कंपनीत, नाहीतर मुलाच्या नोकरीमागं. म्हातारपणी वाळूकडं निघालेलं कोणी मी पाहिलं नव्हतं. काहून, असं मी विचारलं. त्यानं तोंड उघडायच्या आत घरातून ते वाक्य आलं, आणि त्याच्या पाठोपाठ खोकला.

रुख्मिणीबाईंना दमा होता. आधी नव्हता. लग्न होऊन त्या या तांड्यावर आल्या तेव्हा इथं ज्वारी आणि तूर पिकायची, उन्हाळ्यात डोंगर करपून जायचा आणि हवा भाजलेल्या मातीसारखी कोरडी असायची. मग धरणाचा कालवा आला. कालव्यामागं हळद आली. हळदीनं तांड्याला पत्र्याच्या जागी स्लॅब दिले, मोटारसायकली दिल्या, पोरींना नांदेडच्या कॉलेजात पाठवलं. हळद शिजवताना निघणारी वाफ आणि वाळलेली हळद ढोलात घालून फिरवताना उडणारी धूळ रुख्मिणीबाईंच्या वाट्याला आली. हा ढोल म्हणजे जाळीचं मोठं पिंप. ते फिरतं तेव्हा हळकुंडं एकमेकांवर घासतात, वरची साल भुगा होऊन उडते आणि आतून बाजारात नेण्याजोगी पिवळी चकाकी बाहेर येते. त्यांच्या मुलानं, देविदासनं, ढोल दारातच बसवला होता. भाड्यानं इतरांचीही हळद तो घासून द्यायचा. ढोलाच्या तोंडाशी हळद ओतायला रुख्मिणीबाई उभ्या असायच्या. कोणी तसं ठरवलं नव्हतं, त्यांनी स्वतःच ती जागा धरली होती.

पाच-सात हंगामांत छाती भरली. पावसाळ्यात ओल, उन्हाळ्याच्या तोंडाला धूळ. आडवं पडलं की श्वास अडायचा. म्हणून त्या भिंतीला टेकून, मांडीवर गोधडी घेऊन, बसल्या बसल्या झोपायला शिकल्या. घराला दर दिवाळीत रंग द्यायचे, पण भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या उंचीला तेलाचा एक गोल डाग पुन्हा उमटायचा. मी तो डाग पाहिला आहे. त्या घरात देवांच्या तसबिरी होत्या, सुनेच्या माहेरचं घड्याळ होतं, पण बाहेरून आलेल्या माणसाची नजर त्या डागावरच जाऊन थांबायची.

वाळवंट त्यांच्या आयुष्यात आलं ते ट्रकमधून. वसराम उभ्या उमरीत ट्रकच चालवत आला. वसमतच्या बाजारातून हळद भरायची आणि जोधपूर, बिकानेर, कधी त्याच्याही पुढं नेऊन उतरवायची. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत एकदा त्यानं बायकोला सोबत घेतलं. एवढं जग आपण पाहिलं आणि हिनं नांदेडच्या पुढचं काही पाहिलं नाही, असं त्याला वाटलं म्हणे. रुख्मिणीबाईंचं म्हणणं वेगळं. त्यांच्या मते त्याला रस्त्यात हाताची भाकरी पाहिजे होती.

जोधपूरच्या पुढं एका ढाब्यावर हमाल माल उतरवत होते. दुपार होती. खेजडीच्या झाडाच्या विरळ सावलीत एक बाज टाकलेली होती. रुख्मिणीबाई तिच्यावर बसल्या, मग कलंडल्या, मग सरळ पाठीवर आडव्या झाल्या आणि झोपल्या. ऊन सरकलं, सावली त्यांच्या अंगावरून निघून गेली, तरी उठल्या नाहीत. वसरामनं नाकापुढं बोट धरून पाहिलं. श्वास चालू होता, आणि त्याचा आवाज येत नव्हता. आवाज येत नाही याचीच त्याला जास्त भीती वाटली, असं तो मला म्हणाला. त्यानं हलवून उठवलं तेव्हा बाई चिडल्या. किती वर्षांनी झोपले होते, तेवढंही बघवलं न्हाई का, म्हणाल्या.

मग काही वर्षं ती झोप नुसती आठवण म्हणून घरात राहिली. वसराम घरी बसला तेव्हा रुख्मिणीबाईंनी तो विषय काढला आणि पुन्हा मिटू दिला नाही. नांदेडच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कोरडी हवा काहींना मानवते, पण तिकडं वाळूही उडते, तेही बघा. म्हणजे त्यांनी जा असंही म्हटलं नाही आणि जाऊ नका असंही नाही.

या सगळ्यात रुख्मिणीबाईंची खरी साथीदार होती त्यांची सून, निलम. ती कळमनुरीकडच्या तांड्यावरची, बारावी झालेली. तिनं मोबाइलवर दोन्हीकडच्या हवेतली ओल बघायला सुरुवात केली. सकाळी चहा देताना ती आकडे सांगायची. याडी, तिकडं आज अठरा, इकडं ब्याऐंशी. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात, आणि निलम सासूलाही तेच म्हणायची. कशाचे अठरा आणि कशाचे ब्याऐंशी हे रुख्मिणीबाईंनी कधी विचारलं नाही. पण अठराचा आकडा ऐकला की त्या खांदे थोडे खाली सोडायच्या.

देविदासला हे खपत नव्हतं. त्याचा आईवर जीव होता आणि त्यातूनच तो भांडायचा. लोक म्हणतील, पोरानं म्हाताऱ्यांना घालवून दिलं, असं तो म्हणायचा.

“लोकांला म्हणावं, या आन माझ्या बदली भिंतीला टेकून बसा,” रुख्मिणीबाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात देविदासनं दारातला ढोल उचलून वरच्या वावरात नेला. मोठं काम होतं, ट्रॅक्टर आणि चार माणसं लागली. पण तांड्यात ढोल काही त्याचा एकट्याचा नव्हता. हंगामात वारा कुठूनही येवो, पिवळाच यायचा.

वसरामचा उत्साह निराळ्या जातीचा होता. त्याच्या लेखी ते वाळवंट म्हणजे मूळ गाव होतं. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडत. मारवाडातून मीठ घेऊन निघालेले बैल फिरत फिरत या डोंगराशी थांबले, अशी त्यांच्या घरातली कथा. मुक्कामाची जागा कशी निवडायची हेही त्याला आजोबांनी सांगितलेलं. आधी जाणत्या माणसानं पाणी चाखायचं, मग पुढचा बैल मोकळा सोडायचा. तो बसला तर मुक्काम, उभा राहिला तर पुढं चला. आपण परत चाललो, गुरुजी, असं तो मला म्हणायचा. रुख्मिणीबाईंना त्यात काडीचा रस नव्हता. बैल तुमचे, मीठ तुमचं, छाती माझी, असं त्यांनी एकदा सुनावलं.

दिवाळीनंतर, हळद काढायला अजून अवकाश असताना, दोघं गावं बघायला निघाले. जाताना रुख्मिणीबाईंनी ट्रंकेतला फेटिया काढला. फेटिया म्हणजे त्यांचा आरशांचा घागरा. रोज त्या साडीच नेसायच्या, पण नव्या मुलखात आपल्या कपड्यात जावं असं त्यांचं मत होतं.

गाव तपासायची वसरामची रीत पाणी चाखण्याची होती. बाईंची रीत त्यांनी स्वतःच काढलेली. गावात पोचलं की दुपारची जागा शोधायची, चादर टाकायची आणि आडवं व्हायचं. बिकानेरला धर्मशाळेच्या व्हरांड्यात त्या अशा झोपल्या तेव्हा मॅनेजरनं कोणी आजारी बाई पडली म्हणून डॉक्टर बोलावला. झोप आली होती, पण शहर मोठं. गाड्यांचा धूर होता, भाडी परवडणारी नव्हती. जैसलमेरला किल्ल्याच्या पायथ्याशी त्या झोपल्या आणि जाग आली तेव्हा दोन परदेशी बायका त्यांच्या आरशांचे फोटो काढत होत्या. त्यांना ती अस्सल राजस्थानी बाई वाटली असावी. वसराम रागावला. रुख्मिणीबाई मात्र उठून, ओढणी सारखी करून, त्यांच्यामध्ये उभ्या राहिल्या. आता काढा, म्हणाल्या. पण गाव नको म्हणाल्या. जिथं रोज नवी माणसं येतात तिथं जुन्या माणसाकडं कोण बघणार, हे त्यांचं कारण.

तिसरं गाव खारियासर. फलोदीच्या पुढं, एकच बाजारपेठ, छोटं स्टेशन, गावाबाहेर मिठानं पांढरी पडलेली सपाट जमीन. वसरामनं नळाचं पाणी चाखलं आणि तोंड वाकडं केलं. मचूळ होतं. आपले जुने लोक इथं थांबले नसते, तो म्हणाला. त्यांना दमा न्हवता, बाई म्हणाल्या, आणि फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर आडव्या झाल्या. त्या झोपल्या असताना एका बकरीनं उशाची शिदोरी फडक्यासकट खाल्ली. तरी त्यांना जाग आली नाही. वसरामनं मला हे सांगितलं तेव्हा तो बकरीची नक्कल करून हसला होता, पण सांगताना त्यानं हात जोडल्यासारखे केले होते, तेही मला दिसलं.

स्टेशनाबाहेरच्या चहावाल्यानं एका म्हातारीची पुढची खोली रिकामी असल्याचं सांगितलं. म्हातारीचं नाव धापूबाई. नवरा गुमानाराम बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेला, मुलगा भंवरलाल जोधपूरला कामाला. चहावाला त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडून गेला.

पुढं जे घडलं ते समजायला तांड्यातली एक रीत माहीत असावी लागते. लेकीची पाठवणी करताना बायका सुरात रडून गातात, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण त्यांच्यात भेटीचंही रडणं असतं. लांबची बाई पुष्कळ दिवसांनी दारात आली की घरची बाई आणि ती एकमेकींच्या गळ्यात पडतात. आलेली आधी सुरात रडते. रस्ता किती लांब होता, किती दिवस गेले, माझ्या घरचं कोण गेलं, तुझ्या घरचं कोण राहिलं. तिचं झालं की घरची बाई त्याच सुरात उत्तर देते. दोन्ही बाजू झाल्याशिवाय भेट पुरी होत नाही, तोवर पुरुष पाण्यालाही हात लावत नाहीत. रुख्मिणीबाई या रडण्यासाठी नावाजलेल्या होत्या. चार पावलं चालून धापा टाकणारी ही बाई, पण त्या सुरात तिचा श्वास कधी तुटत नसे. कसं ते मला अजून कळलेलं नाही.

धापूबाईनं दार उघडलं. मोठ्या घेराचा घागरा, मनगटापासून खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्या. रुख्मिणीबाईंच्या आईच्या हातात अशाच बांगड्या होत्या. धापूबाईनं, कोण, असं विचारलं आणि तो शब्दही ओळखीचा वाटला. नवरा म्हणत होता ते खरंच असेल, असं त्या एका क्षणी त्यांना वाटून गेलं. त्यांनी पुढं होऊन धापूबाईच्या गळ्यात हात टाकले आणि सूर लावला.

खारियासरमध्ये गळ्यात पडून असं सुरात रडतात ते फक्त कोणी मेल्यावर.

धापूबाईला वाटलं, माहेरहून कोणाची तरी बातमी आली. कोण गेलं ते न कळताच ती रडू लागली. समोरच्या घरातून बायका तोंडावर पदर ओढत आल्या आणि त्यांनीही सूर धरला. दुकानदारानं शटर अर्धं खाली ओढलं. कोणीतरी अंगणात सतरंजी अंथरली. कोणीतरी भंवरलालला जोधपूरला फोन लावला आणि अशा वेळी सांगतात तेवढंच सांगितलं, घरी निघून ये. वसराम दाराशी उभा होता. दोन अनोळखी माणसांसाठी सगळी गल्ली रडते आहे हे पाहून त्याला भरून आलं. रक्त रक्ताला ओळखतं, असं त्याला वाटलं. रुमालानं डोळे पुसत तो सतरंजीवर जाऊन बसला.

मग आतल्या खोलीतून गुमानारामचा आवाज आला. कोण गेलं?

बायका थांबल्या. एकीनं दुसरीकडं पाहिलं. प्रत्येकीला वाटलं होतं, दुसरीला माहीत असेल. रुख्मिणीबाई मात्र सुरात होत्या. दोघी-तिघींनी त्यांना धरून गप्प केलं, तेव्हा त्यांची बाजू संपत आली होती.

“मी तर न्हाई ना गेलो?” आतून पुन्हा विचारणा झाली. म्हातारा आपल्या बोलीत बोलत होता, पण वसरामला ते समजलं आणि त्यानं मला आमच्या भाषेत सांगितलं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मंग थांबवता कशाला? माझ्या वेळचं ऐकायला मी कुठं ऱ्हाणार हाय.”

कोणी हसलं नाही. जिवंत माणसाच्या दारात रडणं झालं होतं, आणि तेही आजारी माणसाच्या. बायका पदर सावरत पांगल्या. धापूबाई रुख्मिणीबाईंच्या तोंडाकडं बघत राहिली. तिनं विचारलं, कोणासाठी रडलीस? रुख्मिणीबाई म्हणाल्या, तुझ्यासाठी, तू भेटलीस म्हणून. धापूबाई आत गेली. तिनं ताक आणून दिलं.

संध्याकाळी भंवरलाल धावतपळत आला. वाटेत त्यानं बापासाठी काय काय मनात आणलं असेल ते त्याचं त्याला ठाऊक. बाप जिवंत दिसला तेव्हा तो उंबऱ्यावर खाली बसला. मग त्यानं या दोघांपुढं हात जोडले. पाहुणे म्हणून जेवून जा, पण खोली देता येणार नाही, म्हणाला. त्याच्या जागी आपणही तेच म्हटलं असतं, असं वसरामला वाटलं.

वसराम बायकोला घेऊन परत आला. तांड्यावर आल्यावर मला म्हणाला, गुरुजी, आमी तिथं पावणे बी न्हाई, नुसते भायेरचे. त्याच्यापुरतं मूळ गाव संपलं होतं. राजस्थानातल्या गावांची नावं त्यानं पुन्हा काढली नाहीत. तांड्यातली लहान पोरं सुरात रडून एकमेकांच्या गळ्यात पडायचा खेळ खेळू लागली, तेव्हा तर तो ओसरीवर बसायचाही बंद झाला.

रुख्मिणीबाईंना लाज वाटलेली मला दिसली नाही. त्यांना त्या भेटीचं नवल वाटत होतं. आपल्याच रीतीनं रडणारी माणसं, आणि ती रीत त्यांच्याकडं मयताची कशी झाली? का त्यांच्याकडं ती पहिल्यापासून मयताचीच होती आणि आपल्याच लोकांनी वाटेत तिचं भेटीचं रडणं केलं? बैलांमागं चालणाऱ्या माणसांची पुन्हा गाठ पडेल याची खात्री नसायची, म्हणून भेटीत आणि मरणात फरक उरला नसेल? हा शेवटचा प्रश्न माझा. त्यांना विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, असंल. मग म्हणाल्या, पर तिची बाजू ऱ्हायली.

हळदीचा हंगाम आला. या वर्षी त्यांचं दुखणं वाढलं. एकदा देविदासनं त्यांना गाडीत घालून नांदेडला नेलं, चार दिवस ऑक्सिजनची नळी लावून ठेवलं. परत आल्या त्या भिंतीला टेकूनच. दम लागला की तोंडात मारायचा पंप आता कमरेच्या पिशवीतून हातात आला होता.

होळी होऊन गेल्यावर खारियासरच्या चहावाल्याचा फोन आला. वसरामनं त्याला नंबर दिलेला होता. निलमनं स्पीकर लावला. गुमानाराम वारले, चहावाला हिंदीत सांगत होता, सगळे दिवस-वार झाले, भंवरलालही जोधपूरला परत गेला. मग म्हणाला, “धापूबाई बोल रही है, उस औरत को बोलो, उस दिन आधा ही हुआ था. कमरा खाली है.”

त्या दिवशी अर्धंच झालं होतं. खोली रिकामी आहे. एवढंच. निलमनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तांड्यात याचे अर्थ निघू लागले. हिच्या रडण्यानंच म्हातारा गेला, असं काहींचं म्हणणं. धापूबाई जाब विचारायला बोलावते आहे, असं दुसऱ्यांचं. वसरामलाही तेच वाटलं. एरवी माणसं हसून सोडून देतात अशा गोष्टी मरणाचा स्पर्श झाला की जड होतात. बाई जायचं मनातून काढत नाहीत, हे पाहून देविदासनं नायकाकडं गाऱ्हाणं घातलं. तांड्याच्या नायकानं पंच बसवले की त्याला नसाब म्हणतात. भांडणं, सोयरिकी, घटस्फोट तिथं मिटतात. एका बाईनं कुठं झोपावं यासाठी नसाब बसल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं.

सेवालाल महाराजांच्या देवळाला लागून सभागृह आहे. तिथं सकाळी माणसं जमली. वसरामनं मलाही बोलावलं होतं, तुमचं ऐकंल ती, म्हणून. सभागृहाच्या दाराशी निलम भेटली. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं की तिकडं जाणारी गाडी आठवड्यातून एकदाच असते, ती आज दुपारी हिंगोलीवरून आहे, आणि याडीनं तिच्याकडून दोन तिकिटं काढून घेतली आहेत. मामंजींना याची खबर नाही. दोन कशाला, असं निलमनं विचारलं तर बाई म्हणाल्या होत्या, आला तर आला.

नायक देवला हा सत्तरीचा, शांत माणूस. त्यानं रुख्मिणीबाईंना पुढं बसवलं. पंखा लावायला सांगितला. तो रागावून बोलला नाही.

“तू त्या दारात गेली की पह्यलं बोट तुझ्याकडं होईल, बाई,” तो म्हणाला. “आन उद्या तुझं काही झालं, तर तिथं तुझी लाकडं कोण रचणार?”

पंचांपैकी एक जण म्हणाला की तिथं पाणी मचूळ आहे असं वसरामच सांगत होता. दुसरा म्हणाला, इथं गोड पाणी पिऊन तरी काय झालं. थोडा हशा झाला. वसराम उठला. त्यानं बायकोकडं न बघता सांगितलं की चहावाल्याचं बोलणं नीट नव्हतं, त्या म्हातारीच्या मनात काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही, आणि एकदा अपमान झालेल्या गल्लीत तो पुन्हा पाय ठेवणार नाही. रुख्मिणीबाई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी तोंडाशी पंप नेऊन एकदा दाबला आणि पुन्हा हात मांडीवर ठेवला. मला बोलायला सांगितलं. म्हातारीच्या निरोपाचा अर्थ मलाही लावता येत नव्हता. ती उत्तर द्यायला बोलावत होती का जाब विचारायला, हे तिथं गेल्याशिवाय कळणार नव्हतं.

मग देविदास उभा राहिला. तो सकाळपासून वावरात होता. त्याच्या हातांच्या रेघांत हळद बसलेली होती.

“याडी, इथंच ऱ्हा,” तो म्हणाला. “पुढल्या साली मी हळद लावत न्हाई. ढोल बी इकून टाकतो.”

हळद सोडणं म्हणजे काय ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. ज्या पिकावर घर उभं राहिलं, ट्रॅक्टर आला, ते पीक तो आईच्या श्वासापुढं ठेवत होता, आणि मनापासून ठेवत होता. एक पंच खाली बघू लागला. त्याच्याही घरी ढोल होता, आणि तो विकायचं त्याच्या मनात नव्हतं.

देवला नायकानं रुख्मिणीबाईंकडं पाहिलं. पोरगं एवढं म्हणून राह्यलं, आता तू सांग, असं तो म्हणाला. ऱ्हाती का जाती, एकाच शब्दात सांग.

त्यांनी देविदासकडं पाहिलं, पुष्कळ वेळ. मला वाटलं, त्या राहतील. तशी त्यांची नजर होती. लेकाचं बोलणं त्यांना आत कुठंतरी लागलं होतं, ते दिसत होतं. मग एक हात जमिनीवर टेकून त्या उठल्या. उठताना दम लागला, म्हणून क्षणभर खांबाला धरून थांबल्या. वसराम तसाच खाली मान घालून बसला होता. त्या त्याच्या समोरून गेल्या. देविदासपाशी आल्या तेव्हा त्याच्या डोक्यावर त्यांनी तळहात ठेवला आणि काढून घेतला. दाराबाहेर निलम पिशवी घेऊन उभी होती, रस्त्यावर हिंगोलीचा ऑटो चालू ठेवलेला होता. माणसांनी पाय आखडून वाट दिली. रुख्मिणीबाई एकही शब्द न बोलता बाहेर पडल्या.